पाच वाजताचा आवाज

टोकियो,
ता. ९ मार्च १९९७

ती. फुसाएताईस,
इवाओचा सा. न. वि. वि.

धुरावर वाळवलेल्या मुळ्याचं लोणचं पोचलं. पोस्टमन जिन्यात असतानाच वास वर आला. आता आठ दिवस माझ्या घरी कुणी येणार नाही, म्हणजे सगळं मलाच.

तुझा मासातो येऊन गेला. नगरकचेरीत कारकून, पण बोलतो मंत्र्यासारखा! गावात खांबाखांबावर भोंगे बसवलेत, त्यात मामाचाच आवाज हवा, असं म्हणत दोन तास गुडघे मोडून बसला. मी म्हटलं, बाबा रे, मी अडुसष्ट वर्षांचा, नवा पोरगा बघ. तर म्हणे गेली सव्वीस वर्षं दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये अख्खा देश ज्याचा आवाज ऐकतो, त्या अस्वलआजोबाचं गाव आमचं, आम्ही दुसरा कशाला शोधू. अशी फोडणी दिल्यावर कोण नाही म्हणेल?

दोन टेपा केल्या. एक रोजची. पाच वाजले, मुलांनो, खेळ पुरे, घरी चला. दुसरी नदीला पाणी आलं तर लावायची. काठच्या मंडळींनी कृपया देवळाच्या टेकडीवर जावं, अशी. एरवी आमच्याकडे सात नट आणि तीन माईक. आपलं वाक्य आलं की मांजरासारखं पुढे व्हायचं, बोलून मागे सरायचं. पान उलटल्याचा आवाज आला तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. परवा मात्र मी एकटाच उभा होतो. ध्वनिमुद्रणवाले नोगामी काचेपलीकडून म्हणाले, लोक घाबरून चेंगरतील असं नको, आजोबांच्या मायेनं होऊ द्या. चौथ्या खेपेला असं जमलं की नोगामींनी नाक पुसलं.

ताई, एकोणिसाव्या वर्षी इथे आलो तेव्हा नाटकमंडळीच्या मॅनेजरनं मला विचारलं होतं, तोंडात बटाटा धरून बोलतोस का म्हणून. चार वर्षं सायकलवरून नूडल्स पोचवल्या आणि रेल्वेपुलाखाली उभं राहून वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचली, तेव्हा कुठे आपली गावठी बोली जिभेवरून उतरली. आज गावालाच ती खरवडलेली जीभ हवीय. मजा आहे.

कानेजोदाजींना नमस्कार. माया आहेच, पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
इवाओ


आरासावा,
ता. १८ मे १९९७

चि. इवाओस,
फुसाएचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आवाजानं आता आमच्या घरात भाडं न देता बिऱ्हाड केलंय. पाच वाजले की तू आलासच. पोरं आपापल्या घरी पळतात, ते खरं. शेजारच्या सुगिएचा नातू तर खांबाखाली जाऊन भोंग्याला वाकून नमस्कार करतो. आणि आमचे हे! रोज खुर्चीतून ओरडतात, आलो रे मेहुण्या, आलो! आणि आणखी एक पेला ओततात. पन्नास वर्षं लाकडाच्या वखारीत करवतीजवळ काढलेला माणूस, माझं बोलणं यांना दोनदा सांगावं लागतं. तुझं बरं पहिल्यांदाच ऐकू येतं.

कौतुक झालं. आता मोठी बहीण म्हणून बोलते, रागावायचं नाही. गेल्या रविवारी नदीच्या धोक्याची रंगीत तालीम झाली. दुसरी टेप लावली. काठावर आमची चौतीस घरं. किती जण टेकडीवर आले असतील? नऊ. त्यातले चार देवळाचे भटजी आणि त्यांचं कुटुंब, जे मुळात वरच राहतात. बाकीच्यांना विचारलं तर म्हणतात, ऐकलं ना, किती छान बोलतात इवाओसान! सुगिए भांडी घासत होती, तिनं नळ बंद करून ऐकलं आणि पुन्हा सुरू केला. हे म्हणाले, पाच वाजले वाटतं आज लवकर.

इवाओ, तू बोलावतोस तेव्हा चहा तयार आहे असं वाटतं. चहासाठी कोण पळतं? मासातोला मी सांगितलं. तो म्हणतो, आई, मामा त्या धंद्यातले आहेत, तुला काय कळतं. म्हणून तुलाच लिहिते. दुसरी टेप बदल. पावसाआधी बदल.

घशाला मध लावत जा. आठवण कमी काढलीस तरी चालेल, पत्र कमी नको.

तुझी ताई


टोकियो,
ता. ११ जून १९९७

ती. फुसाएताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग थोडा चिडलो, मग पुन्हा हसलो. अगं, पंचेचाळीस वर्षं मी हेच खातोय. धोक्याची सूचना किंचाळून द्यायची नसते. किंचाळलं की शब्द फाटतात, आणि दोन खांबांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला नुसता कोलाहल ऐकू येतो. तालमीला कुणी उठलं नाही, कारण ती तालीम होती. खरं पाणी आलं की उठतील. आपली माणसं आळशी आहेत, वेडी नाहीत.

तरी तुझं मन राखायला शरद ऋतूत पुन्हा एकदा करीन. आत्ता खरंच सवड नाही. अस्वलआजोबाचा चित्रपट निघालाय. आमच्या कंपूतले दोघे तिशीच्या आतले आहेत; नायलॉनचं जाकीट घालून माईकपाशी येतात आणि हात हलवला की सर्रर्र. मी नुसता त्यांच्या बाहीकडे बघतो. ऐकायला कान लागतात, आणि कान कुणी शिकवत नाही.

दाजींना म्हणावं, माझ्या नावानं एकच पेला. लोभ चढता असू दे.

इवाओ


आरासावा,
ता. २ ऑक्टोबर १९९७

चि. इवाओस,
आशीर्वाद.

तुझी पोस्टातली तीनही पत्रं आज एकदम मिळाली. पुरानंतर रस्ता परवा उघडला.

यांचं क्रियाकर्म सगळं झालं. तू आला नाहीस ते बरंच झालं, पूल नव्हता, आणि बघण्यासारखं काही नव्हतं. मी शाळेच्या सभागृहात आहे. पांघरूण आहे, गरम सूप मिळतं. मासातो रोज येतो.

यांना काही कळलं नाही. झोपेत होते. दुपारचं जरा जास्त झालं होतं. एवढंच समज आणि मनाला लावून घेऊ नकोस.

गावातली अकरा माणसं गेली.

जपून राहा.

ताई


आरासावा,
ता. २६ ऑक्टोबर १९९७

ती. मामांस,
मासातोचा सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी काही बोललो नाही. तुम्ही म्हणालात की तुझ्या श्वासावरून कळतंय तू काहीतरी गिळतोयस. तुमच्यापासून लपवणं अवघड. म्हणून लिहितो. आईला हे पत्र माहीत नाही.

बाबा झोपेत नव्हते. दोन दिवसांचा पाऊस त्या दिवशी दुपारी थांबला होता. ऊन पडलं होतं. वर डोंगर खचून नदी अडली आणि मागे पाणी तुंबलं, हे आम्हाला चार वाजून पस्तीस मिनिटांनी कळलं. त्याला दोन मिनिटं झाली नाहीत तोवर मी दुसरी टेप लावली. पाणी सुटायला अजून एकवीस मिनिटं होती. काठावरून टेकडीवर पोचायला म्हाताऱ्या माणसाला दहा लागतात. मी ती टेप अकरा वेळा लावली, मामा. बटण माझ्या हाताखाली होतं आणि खिडकीतून रस्ता दिसत होता. रस्त्यावर कुणीच नव्हतं. लोकांना वाटलं, पाचाची हाक आहे.

शेजारच्या सुगिएबाई बाबांना बोलवायला आत गेल्या होत्या. टीव्हीवर सुमोच्या शेवटच्या कुस्त्या चालल्या होत्या. बाबा म्हणाले, एवढी एक जोडी बघून येतो, मेहुणाच तर बोलावतोय, तो काही रागवायचा नाही.

आई सकाळपासून देवळात होती. आठवड्यानं शरदातले पितरांचे दिवस लागणार, म्हणून बायकांबरोबर थडगी धुवायला गेली होती. तिला वरून नदीचा रंग दिसला. ती टेकडीच्या पायऱ्या अर्ध्यापर्यंत उतरून ओरडली. काय ओरडली ते मी लिहू शकत नाही. पण वरच्या आळीतली सात घरं त्या ओरडण्यानं बाहेर पडली, अनवाणी, आणि बाबांना सोडून तिथवर चढून आलेल्या सुगिएबाईही वाचल्या. आमचं घर खालच्या टोकाला. तिथपर्यंत तिचा आवाज गेला नाही.

दोष माझा आहे. आईनं मेमध्ये सांगितलं होतं, मीच उडवून लावलं.

कृपा असावी.

तुमचा,
मासातो


टोकियो,
ता. १४ जानेवारी १९९८

ती. फुसाएताईस,
सा. न. वि. वि.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा यंदा दुखवट्यामुळे आपल्यात नाहीत, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

मला सगळं माहीत आहे. मासातोवर रागावू नकोस, मी त्याच्या तोंडातून काढून घेतलं. तू मला वाचवायला खोटं लिहिलंस. लहानपणी फुटलेली बरणी स्वतःच्या नावावर घ्यायचीस, तशी. पण मेमध्ये तू खरं लिहिलं होतंस, आणि मी धंद्याची अक्कल पाजळली. सवड नाही म्हणालो. चित्रपटासाठी. दाजींची माफी आता कुठे मागू?

मासातोकडून त्या दिवशीची टेप मागवून ऐकली. अकराच्या अकरा वेळा. त्यात चूक शोधत होतो, एकही सापडली नाही. शब्दन् शब्द स्वच्छ. असल्या आवाजाला माणूस चहाचा पेला खाली ठेवत नाही.

मग नोव्हेंबरपासून नवी टेप करायला लागलो. नोगामी रोज कामानंतर तासभर थांबले. ओरडून बघितलं, रडून बघितलं, आपल्या गावच्या बोलीत बघितलं. ताई, ती बोली आता येत नाही. येते, पण नाटकातल्या शेतकऱ्यासारखी येते. चाळीसेक खेपा झाल्यावर नोगामींनी काचेपलीकडून मान खाली घातली. मीही ऐकलं. प्रत्येक खेपेला एक नट होता, फार चांगला, घाबरल्याचं काम करणारा. गावातलं शेंबडं पोरही ओळखील की अस्वलआजोबा आज रागावलेत. अस्वलआजोबापासून कोण पळणार?

म्हणून मागू नये ते मागतो. जूनमध्ये पुन्हा पाऊस लागेल. तुझ्या आवाजानं सात घरं उठली. ती हाक टेपवर घाल. मासातो यंत्र घेऊन येईल, कागद लागणार नाही, शिकवायला कुणी नाही. मी तर नाहीच. नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही, आणि तू का नाही म्हणालीस ते मला कळेल.

माझ्या दोन्ही टेपा काढून टाकायला मी कचेरीला लिहिलं आहे. पाचाचीसुद्धा.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही, तरी असावा.

इवाओ


आरासावा,
ता. ५ जून १९९८

चि. इवाओस,
फुसाएचे अनेक आशीर्वाद.

पाच महिने उत्तर दिलं नाही. आधी तुझा राग आला. बाई मेलेल्या नवऱ्याला हाक मारते, ती म्हणे टेपवर घाल! पत्र चुलीत घालायला घेतलं होतं. मग चिखल काढून झाल्यावर खालच्या टोकाला पुन्हा दोन घरं उभी राहिली. एकात पाळणा आहे. तेव्हा मासातोला म्हटलं, आण तुझं यंत्र.

एप्रिलच्या शेवटी केलं. कचेरीतल्या खोलीत काही निघेना. खुर्ची दिली, पाणी दिलं, साहेब म्हणाले आजी, जरा मोठ्यानं. मी म्हटलं, असं खुर्चीत बसून कुणी ओरडतं का. मग देवळाच्या पायऱ्यांवर गेलो, जिथे त्या दिवशी उभी होते तिथेच. मासातो माझ्याकडे पाठ करून यंत्र धरून बसला. त्यांनी दिलेला कागद मी वाचला नाही. यांनाच हाक मारली. अहो उठा, पाणी आलं, टाका ते सगळं, पळा, पळा हो, असं. एकदाच केलं. साहेबांना दुसरी खेप हवी होती. मासातोनं यंत्र बंद केलं आणि ते घेऊन घरी गेला.

आता महिन्याच्या पहिल्या तारखेला तालीम असते. सकाळी कागद वाटतात, आज खोटं आहे म्हणून. तरी लोक पळतात. परवा सुगिए एका पायात चप्पल घालून धावली आणि वर पोचल्यावर मला शिव्या दिल्या, की फुसाए, तुझ्यापायी भात करपला. पाळण्यातलं पोर घेऊन ती सून तर सगळ्यांच्या आधी वर. मासातोनं मोजलं. चौतीसपैकी अकरा घरं उभी आहेत, माणसं सव्वीस. पंचवीस आली.

सव्विसावी मी. तुला कुणीतरी कळवील त्याआधी मीच लिहिते. मासातोनं पत्र्याची खोली वरच्या आळीत बांधून दिलीय, पण पहिल्या तारखेला मी खाली जाते, आमच्या जुन्या चौथऱ्यावर बसते. इथे खांब जवळ आहे, फार स्पष्ट ऐकू येतं. त्या दिवशी माझा आवाज इथवर आला नव्हता. आता येतो. तो पुरता संपेपर्यंत बसते, आणि मग सगळ्यांच्या मागून हळूहळू चढते.

तू ये. ऑगस्टच्या उन्हाळ्यात ये, पितर घरी येतात तेव्हा. तू आलास की यांच्या थडग्यापाशी माफी माग, मी बाजूला उभी राहीन. आणि ये तो आपल्या साध्या आवाजात ये.

तुझी,
ताई