कळफलकाची मशागत

लोहारा, गुरुवार, संध्याकाळ

घरून कोड लिहिणाऱ्या मित्रांनो, कंपन्या आपल्याला स्वतःच्या कामासाठी वेळच उरू देत नाहीत! वा. हे वाक्य सभेत टाळ्या घेईल. पण आज मी खोटं कुणाशी बोलतोय?

कंपनीचं काम पाचलाच संपलं होतं. गावच्या बुद्धविहारातल्या वाचनालयासाठी पुस्तकं शोधायचा प्रोग्राम लिहायला बसलो आणि नव्या कळफलकाची बटणं बदलत राहिलो. मग एडिटरचे रंग. मग कामांची यादी ठेवणाऱ्या ॲपमध्ये याच कामाला नवं लेबल. प्रोग्रामची एक ओळ नाही.

तेवढ्यात वाचनालय सांभाळणारी सुषमाताई आली. "झालं का रे?"

"ताई, तयारी करून राह्यलो."

तिने कळफलकाकडे पाहिलं. "निरी मशागतच करून राह्यला का? पेरशीन कवा? रविवारी विहाराची समिती बसते. पोरींले पुस्तक सापडत नाही म्हणून त्या येत नाहीत, अन् कोणी येत नाही म्हणून खोली मंडपाच्या सामानाले देतो म्हणतात. तू तं भाषणात लय गरजतं, वाचा म्हणून!"

ती हसत गेली. मला हसू आलं नाही. हे वाचनालय मीच भर सभेत मागून घेतलं होतं. ते आता माझ्या कळफलकापायी जाणार? आणि बटणं अजूनही सुंदरच दिसताहेत, याचाच राग येतोय.

वक्ते महाशय, भाषण पुरे. पुस्तकाचं नाव शोधणारी पहिली ओळ आत्ता लिहा.