मंगलच्या तिकीटखिडकीचा अर्ज

१८ फेब्रुवारी २००३, नारायणगाव
मंगलमुळे लिहायला बसले. माझी जुनी विद्यार्थिनी, आज तमाशाच्या फडाची मालकीण. यंदा तिने तंबूच्या ठेकेदाराला सांगितलं, तिकिटं मी विकीन. तो म्हणाला, मग तंबू नाही. जुन्नर-आंबेगावात यात्रेचे मोठे तंबू त्याच्या एकट्याकडे. खिडकीवर त्याची माणसं. किती तिकिटं गेली ते तोच सांगणार. कोण काय बोललं ते तारखेनिशी राहावं, म्हणून ही वही.

२१ फेब्रु.
दिल्लीच्या मक्तेदारी आयोगाकडे अर्ज पाठवला. मागणी एकच: तंबूभाडं आणि तिकीटविक्री वेगळी करा. अर्जदार मंगल. सही अजून शाळेतल्यासारखीच, रेघ सोडून.
"बाई, दिल्लीला तमाशा कळंल का?"
"कायदा कळतो."
फार ठसक्यात बोलले.

११ मार्च
उत्तर आलं. ठेकेदाराची अट लेखी असल्यास जोडा. लेखी! इथे हातावर सुपारी ठेवली की करार झाला. सगळा हंगाम तोंडी.

१७ मार्च
मंगलच्या राहुटीत बसले; गावोगावच्या सुपाऱ्या इथेच ठरतात. आळेफाट्याकडच्या एका गावची यात्रा कमिटी तमाशा ठरवायला आली. मैदान कमिटीचं, तंबू अर्थात ठेकेदाराचा, तो कमिटीच मागणार. तारीख ठरली. देवाचं नाव घेऊन त्यांनी सुपारी मंगलच्या हातावर ठेवली. मी स्टॅम्पपेपर पुढे केला: खिडकी कोणाची, ती अट लिहा, सही करा, म्हणजे दिल्लीला जोडता येईल.
एक म्हातारे उठले. "देवाचं नाव घेतल्यावर कागद मागता? चोर हाय का आमी?"
सुपारी उचलून घेतली. दुसरा हसला, "मंगलबाई, फडात आता मास्तरीणबाई बी नाचवता का काय?"
मंगलने मान वर केली नाही.
कागद सुपारीच्या आधी काढायचा, एवढं साधं... पस्तीस वर्षं या गावात काढली मी.

२४ मार्च
बातमी गावोगाव गेली. शेजारच्या राहुट्यांपुढे जीपगाड्या. मंगलकडे कोणी थांबत नाही. ठेकेदाराला काही करावंच लागलं नाही. त्याचं काम मी करून दिलं.

२९ मार्च
मंगलचा ढोलकीवाला दुसऱ्या फडात गेला. मी म्हटलं, साक्षीदार देऊ, इतर फडमालकांना विचार.
"ज्याला तंबू पायजे त्यो बोलंल का, बाई?"


४ एप्रिल
मंगल सकाळी घरी आली. ठेकेदार तंबू द्यायला तयार आहे, कमिट्यांनाही तोच समजावणार. अट: अर्ज मागे घ्यायचा. खिडकी त्याचीच, पुढचे तीन हंगामही.
"रागावू नका. चाळीस माणसं हायेत माज्या जिवावर."
"लेखी दिलंय त्याने?"
"न्हाई." मग जरा हसली. "तुमी बी लई हाय बाई."
चहा न घेता गेली.
आज माझ्याकडे दिले: अर्ज मागे घेत असल्याचे पत्र, एक, मंगलच्या सहीचे. टपालाचे तिकीट लावलेले पाकीट, एक. पत्ता घालून मी ते टपालात टाकायचं ठरलं आहे. अजून घातलेला नाही.