त्रेचाळिसावं घर

मी, गोविंदराव रंगनाथराव चारठाणकर, वय ७४, निवृत्त गणित शिक्षक, राहणार परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढचा मजकूर वाचल्यावर तो लागेलच, असं माझी पत्नी अंबिका म्हणाली. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक अंबिकेची. मुलगा अवधूत याने वाटा मागू नये. तो मागणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहिलेलं बरं.

२. दोन्ही संगणक व प्रोजेक्टर ‘मोजणी शिक्षण न्यासा’ला. मी, प्राध्यापक सिद्धोधन आणि निवेदिताबाई अशा तिघा विश्वस्तांनी हा न्यास नऊ वर्षांपूर्वी काढला. खेड्यांतल्या शाळांत आम्ही डेटा सायन्स शिकवतो. पोरांनी आपल्याच गावातलं काहीतरी मोजायचं, तक्ता करायचा, आलेख काढायचा आणि त्यातून काय दिसतं ते सांगायचं. सिद्धोधन यांनी माझा एक्स्टेन्शन बोर्ड तीन वर्षांपूर्वी नेला आहे. तो आता परत मागू नये, त्यांनाच लखलाभ असो.

३. आमची पहिली मोजणी घरांची असते. घरात माणसं किती, पाणी कुठून, हे पोरं दारोदार जाऊन विचारतात. पालम तालुक्यातली एक वस्ती आहे, तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ग्रामपंचायतीच्या यादीत तिथं बेचाळीस घरं. पोरांच्या तक्त्यात त्रेचाळीस आली. शेवटची ओळ सातवीतल्या वैष्णवीच्या अक्षरात होती: कुटुंबप्रमुख नर्मदाबाई, वय ऐंशी, माणसं एक, पाणी आडाचं. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘म्हातारी लय चांगली हाय, गूळ-शेंगदाणे दिले.’

यादीशी न जुळणारी ओळ विश्वस्ताने स्वतः जाऊन पडताळायची, हा आमचा नियम. मी भर दुपारी गेलो. अहवालात लिहिलं की चिंचेखाली जुनं जोतं आहे, घर नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याहून पाहुणे आमची पद्धत बघायला आले. त्यांच्यासमोर वैष्णवीला उभं करून मी म्हणालो, बसल्या जागी आकडे लिहिले की असं होतं. पोरं हसली. “सर, मी गेल्ते. तिनं माझ्या हातावर गूळ ठिवला,” एवढंच ती म्हणाली. मी ओळ खोडली. पुढच्या वर्षी ती शाळेत आलीच नाही.

४. त्यानंतर दर वर्षी नवी पोरं ती वस्ती मोजतात. वैष्णवीचं नावही त्यांनी ऐकलेलं नसतं. तरी दर वर्षी घरं त्रेचाळीसच भरतात. नर्मदाबाई, माणसं एक, पाणी आडाचं. वयही तेच, ऐंशी. सिद्धोधन म्हणतात, जुना फॉर्म कॉपी होतोय. निवेदिताबाई म्हणतात, पोरं थट्टा करतात. ते दोघं ओळ खोडतात आणि मी सही करतो. गावातल्या जुन्या माणसांना विचारलं तर “तिथं कोनीच न्हाई, सर” म्हणतात आणि लगेच चहा सांगतात. गेल्या वर्षी एका पोरीने शेऱ्यात लिहिलं, ‘आजी इचारतेत, मास्तर परत कवा येनार.’ तेव्हापासून मला भीती वाटते. ती मरणाची भीती नाही.

५. सबब, माझ्या जागी विश्वस्त म्हणून वैष्णवी राम दुधाटे हिला घ्यावं. न्यासाच्या घटनेप्रमाणे तसं सुचवायचा मला हक्क आहे. तिचं शिक्षण अपुरं आहे, असं सिद्धोधन यांनी म्हणू नये. ते माझ्यामुळे अपुरं राहिलं. माझी जमीन मोजायची साखळी, लांब टेप आणि पुस्तकांचं कपाट तिला द्यावं. ती ओळ यापुढे कोणीही खोडू नये. वैष्णवीला त्या दिवशी जे दिसलं ते कदाचित खरं असावं.

६. वरचा मजकूर आज वैष्णवीला घरी बोलावून वाचून दाखवला. ती आता एकवीस वर्षांची आहे, पालमला शिलाईचं दुकान चालवते. सगळं ऐकून घेतलं, पण चहाला हात लावला नाही.

“सर, टेप न् कपाट राहू द्या. ते ‘कदाचित’ काढा.”

मी म्हणालो, “मला खात्रीने कसं सांगता येईल?”

“तुमच्या चपला तिच्या दारात होत्या. मी शेतातून यायल्ते, तवा बगितल्या. तुमी आत बसलेले होते.”

अंबिका माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी मी अनवाणी घरी आलो होतो. तळपाय पोळून निघाले होते. चपला बसमध्ये चोरीला गेल्या, असं मी तिला सांगितलं होतं.

म्हणून पाचव्या कलमातलं शेवटचं वाक्य रद्द समजावं आणि त्या जागी हे वाचावं. घर होतं. मी आत बसलो, आडाचं पाणी प्यालो. नर्मदाबाई म्हणाली, “मास्तर, समद्यांचं लिवता, माजं बी लिवा. लय वर्सं झाली, कोन लिवतच न्हाई.” मी हो म्हणालो. मग वर पाहिलं. घराला छप्पर नव्हतं. उघडं आभाळ, डोक्यावर ऊन, आणि आम्ही दोघं गार सावलीत बसलेलो. मी तसाच पळत सुटलो. दुसऱ्या दिवशी वर्गात खोटं बोललो तो मी. पोरगी खरं सांगतेय, हे मला तिला उभं करतानाच ठाऊक होतं.

तेव्हाच का बोलली नाहीस, असं अंबिकेने तिला विचारलं.

“सरांना खोटं कसं म्हनावं, काकू?”

हे कलम त्या शाळेत, भर वर्गात, मी स्वतः उभा राहून वाचणार आहे. येत्या सोमवारी. तोवर मला काही झालं तर विश्वस्तांनी वाचावं, आणि हसू आलं तर माझ्यावर हसावं.

स्थळ: परभणी
दिनांक: १४ मार्च २०२५
सही: गो. रं. चारठाणकर

गोविंदरावांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत केली. वैष्णवी दुधाटे हिला यात काही मिळत असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही.

साक्षीदार:
१. भुजंग किशनराव गव्हाणे, शेजारी
२. मनिषा विठ्ठल रेंगे, शिक्षिका