काळं अस्तर

ता. ३ फेब्रुवारी

चि. धांदल्यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक, तूही असावास.

हे पत्र म्हणजे माझा गृहपाठ आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तू शोधून दिलेल्या, स्मरणशक्तीचे धडे देणाऱ्या बाई दर मंगळवारी अकराला फोन करतात. पडद्यावर बघितलं की माझं डोकं गरगरतं, म्हणून नुसता आवाज. त्या दहा शब्द सांगतात, मग मनातलं विचारतात आणि अर्ध्या तासाने तेच शब्द परत मागतात. पहिल्या खेपेला मला दोन आले, छत्री आणि बादली. डोक्यातली गाठ काढून सात महिने झाले, जखम कधीच भरली, पण हातात चमचा घेऊन उभी राहते आणि कशाला घेतला ते आठवत नाही. हे बाईंना सांगताना रडूच आलं. कधी न बघितलेल्या बाईपुढे रडले बघ.

मला परत कापायच्या टेबलावर उभं राहायचंय, बाकी काही नको. तेवीस वर्षं या दुकानात कापड मी कापलं आणि शिवलं ह्यांनी. आता हे कातरीला हात लावू देत नाहीत. बाई म्हणाल्या, चार मंगळवार सलग आठ शब्द आले की बघू. तोवर बटणं लावते. शेजारच्या मांजरीने आपल्या चिंध्यांच्या टोपलीत संसार थाटलाय.

तू लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोस तेव्हा वरचा खटका बंद करतोस ना? शेजारच्या मांजरीने आपल्या टोपलीत बस्तान बसवलंय. पत्राचं उत्तर दे, तोही गृहपाठच आहे.

तुझी ताई


ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार, आणि कानही पकडलेत, कारण उत्तराला उशीर झाला.

पत्र पोचलं. तुझ्याकडे मांजरं दोन आहेत असं आधी समजलो, मग परत वाचलं. असू दे, एक काय नि दोन काय. खटका मी बंद करतो. परवा अकराव्या मजल्यावर एक वकीलसाहेब तासभर अडकले होते, त्यांना बाहेरून धीर देत बसलो. दार उघडेपर्यंत नुसतं बोलत राहायचं, दुसरं काही हातात नसतं. तुझ्याशीही तसंच चाललंय. कंत्राट ऑक्टोबरपर्यंत आहे आणि मधे सुट्टी नाही, किती विनवण्या केल्या तरी.

भावोजींना सांग, तिच्यावर डोळा ठेवा, पण डोक्यावर बसू नका.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा धांदल्या


ता. २० मार्च

चि. धांदल्यास,
आशीर्वाद, आज जरा जास्तच.

चार मंगळवार झाले, नऊ, नऊ, आठ, नऊ! बाईंनी स्वतः सांगितलं. माझी जागा आता रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळणार. आजचा शेवटचा फोन होता. आता मंगळवारी अकराला काय करायचं, असा प्रश्नच आहे.

सोमवारपासून मी टेबलावर. गायकांच्या एका मंडळाचे बत्तीस कोट शिवायला आलेत, निळं जाड, एकाच बाजूने लवदार कापड. ह्यांनी कातर धार लावून आणली. पण चेहरा बघ, मेल्यासारखा. गेला दीड महिना फोनच्या वेळी मांडीवर काळं अस्तर घेऊन माझ्यासमोर बसायचे, तेव्हा जरा खुलायचे. आता पुन्हा कपाळावर आठी.

तुला आणखी एक सांगायचं होतं, ते डोक्यातून गेलं. आठवलं की लिहीन.

तुझी ताई


ता. २७ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार आणि वर एक कडक सलाम.

पत्र वाचून सगळ्या कामगारांना चहा पाजला. इथल्या रंगाऱ्याचे वडील त्याच बाईंच्या यादीत थांबलेत. त्याला तुझे आकडे दाखवले, तो रडायलाच लागला. म्हणाला, म्हणजे होतं बरं. पहिला कोट झाला की त्याची एक चिंधी पाकिटातून पाठव.

तुझा धांदल्या


ता. ६ एप्रिल

प्रिय धांदल्यास,
सप्रेम नमस्कार. हे पत्र तिच्या नकळत लिहितोय.

बत्तीस कोटांच्या चौसष्ट बाह्या तिने कापल्या. सगळ्या डाव्या. शिस्तीत गठ्ठे लावले, दोनदा मोजले आणि मला विचारलं, उजव्या तुम्ही कुठे ठेवल्यात. मी म्हणालो, बघतो. दुकानामागे जाऊन बसलो.

चूक तिची नाही. पहिल्या मंगळवारी दोन शब्द आले, त्यानंतर ती फोन मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली होती. ते मला बघवलं नाही. पुढच्या मंगळवारपासून बाई शब्द सांगायच्या तसे मी शिंप्याच्या खडूने काळ्या अस्तरावर लिहायचो, आणि त्या परत मागायच्या तेव्हा अस्तर तिच्यासमोर धरायचो. फोन संपला की झटकून टाकायचो. एकदम दहा आले तर संशय येईल म्हणून आधी बरेच, पुढे एखादाच शब्द मीच गाळायचो. मापात फसवणूक मी आयुष्यात केली नाही, ती इथे केली. बाई टेबलावर जा म्हणतील असं वाटलंच नव्हतं. आणि म्हणाल्या तेव्हा तिचा आनंद मोडायची छाती झाली नाही.

बाईंना तूच फोन कर. मला तोंड नाही.

लोभ उरला असेल तर ठेव. राग आला असेल तर तोही ठेव.
तुझा भावोजी


ता. १५ एप्रिल

ती. भावोजींस,
नमस्कार. पहिलं पत्र रागात लिहिलं होतं, ते फाडलं.

बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, एकेक मंगळवार पुन्हा विचारून खोडत गेल्या, त्याचाच जास्त त्रास झाला. जुने आकडे रद्द. नाव परत यादीत घातलंय, पण चार महिने लागतील. तिची जागा दिलेल्या माणसाला आता उठवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. रंगाऱ्याला काय सांगू कळत नाही, मी त्याच्याशी बोलायचं टाळतो.

तोवर घरच्या कुणी शब्द विचारले तर चालेल, असं बाई म्हणाल्या. मी विचारीन, मंगळवारी अकराला, जेवायची सुट्टी आधी घेऊन. तुम्ही त्या वेळी खोलीत थांबायचं नाही, रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. भावोजी, मी तिथे असतो तर अस्तराचं दुसरं टोक मीच धरलं असतं. लांब आहे म्हणून शहाणपणा सुचतोय.

तुमचा धांदल्या


ता. २५ एप्रिल

चि. धांदल्यास,
आशीर्वाद. तुझा आवाज फोनवर बाईंइतका गोड नाही, पण चालेल.

ह्यांनी तुला काय लिहिलं ते शेवटी मलाही सांगितलं, पण मी फसले असं समजू नकोस. समोर लिहिलेलं वाचतेय, एवढं मला कळत होतं. पण मी वाचायला लागले की ह्यांच्या कपाळावरची आठी जायची. बाईंना खरं सांगायचं रोज ठरवायची आणि मंगळवारी विसरायची. टेबलावर उभी राहिले तेव्हा वाटलं, हात तरी विसरले नसतील. हातही विसरलेत रे. कातर मी स्वतःच वरच्या फळीवर ठेवली. उजव्या बाह्या हे उरलेल्या कापडातून काढतायत, कमी पडणार आहे. मी धावदोरा घालते. मांजर एकच आहे, वहीत लिहून ठेवलंय.

काल तुझे तीन आले, किल्ली, पूल, दोरा. तेवढे माझे. हे बाहेर चांभाराच्या टपरीपाशी उन्हात उभे होते. आत आले आणि बोटांनीच विचारलं, किती. मी आठ बोटं दाखवली. इतके खूश झाले की चहात दोनदा साखर घातली. खरा आकडा तुझ्यापाशी असू दे. बाईंचा फोन येईल तेव्हा त्यांनाही खराच सांग. ह्यांना मात्र नको.

येशील तेव्हा ये. तोवर मंगळवार चुकवू नकोस, एवढीच माया पुरे.

तुझी ताई

ता. क. एक लिहायचं राहूनच गेलं. काल तीनच शब्द आले, पण ह्यांना मी आठ सांगितलेत. तू काही बोलू नकोस.