बायकोची कविता कोणत्या खणात ठेवावी

ती. साडूबुवांच्या सेवेशी,

धाकट्या साडूचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात पेन असल्याने तो जरा तिरका झाला आहे, गोड मानून घ्यावा.) आपला गुडघा आता जिना चढू देतो ना? ताईंचा खोकला कसा आहे? आपल्याकडे उतरलेल्या पाहुण्याही खुशाल असतीलच. (पाहुण्या म्हणजे आमचीच ही. पण तेरा दिवस ती तुमच्याकडे आहे, तेव्हा तिला पाहुणी म्हणावे की सौ. म्हणावे, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो.) मी ठीक आहे. खातो, पितो, कामावर जातो. डोके तेवढे ठिकाणावर नाही. फोनच करणार होतो, पण तुमच्याकडचा फोन तीच उचलते, म्हणून हा पत्राचा उपद्व्याप. आपण बत्तीस वर्षे कॉलेजात कविता शिकवलीत. मी सव्वीस वर्षे पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आजवर आपल्या विद्येची मला गरज पडली नव्हती, आणि आपल्याला माझ्या विद्येची एकदाच, नळाला वॉशर बसवताना. आता मात्र मी तुमच्या दारात आलो आहे असे समजा.

झाले ते असे. ही वाचनालयातल्या कवितेच्या वर्गाला जाते हे तुम्ही जाणताच (खूळ तुम्हीच भरवलेत, पण ते असो). त्या सोमवारी मी जेवत असताना तिने समोर बसून आयुष्यातली पहिली कविता मला वाचून दाखवली. मी घास न चावता ऐकली. संपल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलणे भाग होते, म्हणून मी विचारले, "छान आहे गं, पण ही नक्की आहे कसली?" एवढेच. स्टोअरमध्ये आलेल्या मालाला पहिला प्रश्न हाच विचारतात, त्यात कुणाचा अपमान नसतो. नट आहे की वॉशर, पितळी की लोखंडी, हे कळल्याशिवाय मी साहेबांच्या वडिलांनी आणलेला मालही दाराच्या आत घेणार नाही. पण हिने कागद मिटला आणि मी जेवत असतानाच माझे ताट उचलून नेले. दुसऱ्या दिवशी कामावरून येतो तो टेबलावर एक ताजी कविता, आणि शेजारीणबाईंकडे निरोप, की बहिणीकडे गेले आहे, आधी हे नीट वाचा, तोवर फोन करू नका. साडूबुवा, सव्वीस वर्षांत आमची भांडणे झाली नाहीत असे नाही, पण कागदोपत्री भांडण हे पहिलेच.

आता नीट वाचा म्हणजे काय? माझ्या हिशेबी, आधी माल कोणत्या जातीचा ते ठरवा, मग त्याच जातीचे उत्तर पाठवा. मागच्या वेळी प्रकार विचारला म्हणून ती रागावली. या वेळी न विचारता आपला आपण ओळखून दाखवला तर तिचा राग जाईल, असे मी गणित मांडले. तडक वाचनालय गाठले. तिथल्या बाईंनी काव्यप्रकारांची तोंडओळख करून देणारे एक पुस्तक दिले (माझी दया येऊनच दिले असावे, कारण परतीची तारीख त्यांनी घातलीच नाही). मी एका मोठ्या तक्त्यावर खण आखले, आणि एकेक प्रकार वाचून कविता त्यात बसते का ते पाहू लागलो. महाकाव्य पहिल्याच फटक्यात बाद झाले. त्याला सर्ग लागतात, आणि नायक थोर लागतो. इथे तिसऱ्या ओळीत नायक बनियनवर चष्मा शोधतो आहे. खंडकाव्य महाकाव्याहून लहान असते म्हणतात, पण टेबलावरच्या एका कागदाइतके लहान चालते का ते कुठे दिलेले नाही. कथाकाव्यात गोष्ट लागते, आमच्याकडे गोष्ट अशी काही घडतच नाही, आणि बहुधा तीच तक्रार आहे. विलापिका म्हणजे गेलेल्या माणसासाठी केलेला शोक, हे वाचून मी दचकून स्वतःची नाडी बघितली. विडंबनापाशी तर तासभर अडलो. विडंबन म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी रचनेची थट्टा. मग मी ही कुणाची रचना आहे? भावकवितेत कवीच्या मनातला भाव असतो, पण तो कोणता हे आपले आपण ओळखायचे. ते ओळखता येत असते तर मी वाचनालयात कशाला गेलो असतो? ओवी, अभंग यांचे मोजमाप तरी पक्के आहे म्हणावे, तर चरण मोजताना बसमध्ये बोटे कमी पडली आणि शेजारच्या गृहस्थांनी त्यांची देऊ केली. मुक्तछंदाचा खण मात्र बघताक्षणी अंगावर काटा आला. ज्याला कोणताच साचा लागू नाही ते तिथे. आमच्या स्टोअरमध्ये त्याला 'किरकोळ' म्हणतात, आणि ज्या स्टोअरकीपरचा किरकोळचा खण भरलेला असतो त्याला कुणी विचारत नाही. बायकोची कविता मी किरकोळीत टाकणार नाही, मग काय व्हायचे ते होवो.

शेवटी सुनीत सापडले. बरोबर चौदा ओळी, आधी आठ, मग सहा, आणि मध्ये विचाराला कलाटणी! मी ओळी मोजल्या, चौदा! (व्हर्निअरच्या मापपट्टीने लांबीही मोजली, ती कशात धरत नाहीत असे नंतर कळले.) नवव्या ओळीला कलाटणीही होती:

घरात तुमच्या सगळं सापडतं, चष्मा, किल्ली, सुई;
मीच तेवढी समोर असून कुणाला दिसत नाही.

(सुई आणि नाही हे यमक म्हणजे पितळी बोल्टला लोखंडी नट, बसते पण खडखडते. तरी ही ओळ मी तीनदा वाचली.) आनंदाच्या भरात मी कागद उलटा केला, तर मागे आणखी दोन ओळी. म्हणजे सोळा! हातातोंडाशी आलेले सुनीत गेले. त्या दोन ओळी मी मोजल्या, मात्र वाचल्या नाहीत, कारण नगसंख्या जुळेपर्यंत पेटी उघडायची नाही हा आमचा नियम. मग एकच खण उरला, गझल. पुस्तकात लिहिले होते की गझलेतला प्रत्येक दोन ओळींचा शेर आपल्या पायावर उभा राहतो, वेगळा काढला तरी अर्थ पुरा राहतो. आता हे तपासायचे कसे? आम्ही पंप तपासतो तसेच. सुटे भाग करून. साडूबुवा, मी त्या कवितेचे कात्रीने दोन-दोन ओळींचे सात तुकडे केले (मागच्या दोन ओळी सातव्याच्या पाठीवर गेल्या).

हसू नका. (ताई हसत असतील तर त्यांनाही आवरा.) घरच्या टेबलावर पंख्याने तुकडे उडू लागले म्हणून मी ते कामावर नेले, तपासणीच्या टेबलावर सात ट्रे मांडले, प्रत्येकाला नंबराचा टॅग लावला, आणि तुकडा वाऱ्याने जाऊ नये म्हणून त्यावर एकेक गॅस्केट, म्हणजे पंपाच्या जोडात बसणारी रबरी चकती, ठेवला. तेवढ्यात साहेबांनी बोलावले. आमचा पॅकर आहे, त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो फुंकर मारली तर पडेल. हा पैलवान पोटापाण्याइतकाच एका नियमाला जपतो: तपासणीच्या टेबलावर टॅगसकट असेल ते पॅक करायचे. त्याने शेवटच्या टोकापासून सुरुवात केली, आणि मी परत आलो तेव्हा सातव्या ट्रेमधला गॅस्केट शेवटच्या शेरासकट खोक्यात बंद होऊन ट्रकमधून परगावच्या पाणीपुरवठा कार्यालयाकडे निघाला होता. पैलवानाला मी वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला, "साहेब, टॅग तुम्हीच लावलात ना?" उरलेले सहा तुकडे जुळवून बघितले, तर कोणताही कुठेही लावला तरी अर्थ तोच निघतो, की चूक माझी आहे. तेव्हापासून ते सहा तुकडे मी पाकिटात घेऊन हिंडतो आहे, आणि घरी गेलो की घर मोठे वाटते. मला करमत नाही हो. हे असे सरळ लिहिण्याची सवय नाही, पण तुम्ही शिकलेले आहात, समजून घ्याल.

मोठ्यांना नमस्कार, आणि उरलेल्यांना जे ज्याला शोभेल ते.

आपला गोंधळलेला,
धाकटा साडू

ता. क. १. मुख्य विनंती राहिलीच. सातव्या तुकड्याची पुढची बाजू मला पाठ आहे, पण मागच्या दोन ओळी मी वाचलेल्याच नाहीत. तुम्ही सहज बोलता बोलता, चहा घेताना वगैरे, त्या तिच्याकडून काढून घ्या आणि मला कळवा. मी हरवल्या हे मात्र तिला कळू देऊ नका. पाहिजे तर तुम्हाला कवितेच्या अभ्यासासाठी हव्या आहेत असे सांगा.

ता. क. २. पाकीट चिकटवणार इतक्यात सातवा तुकडा परत आला! तिथल्या स्टोअरकीपरने रीतसर फॉर्म भरून पाठवला आहे. परतीचे कारण: 'आमच्या मागणीत नाही.' शेऱ्याच्या रकान्यात: 'तुम्हाला तातडीने लागेलसे दिसते.' मी तुकडा उलटा केला. मागे लिहिले आहे:

हे कवितेत धरू नका. उत्तर लिहीत बसू नका.
येऊन मला घेऊन जा.

म्हणजे चौदाच ओळी होत्या हो. सुनीतच होते, मी बरोबर ओळखले होते! पण त्याचा आनंद काही होत नाही. तेरा दिवस ती माझी वाट बघते आहे, आणि मी बसमध्ये चरण मोजत होतो.

ता. क. ३. हे पत्र टपालात टाकत नाही. दुपारच्या बसने मीच घेऊन निघतो, खालच्या पेटीत टाकतो आणि आपण ते वर नेलेत की मागोमाग वर येतो. आपण सवयीप्रमाणे आधी पेटी बघाल म्हणून एवढेच लिहून ठेवतो: मी बेल वाजवली की दार तुम्ही उघडू नका. तिला उघडू द्या.