लाल चिठ्ठीची अर्धी बाजू

मी, विमान कंपनीतल्या वरिष्ठ मेकॅनिकची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत, पुढचे वाचन आपले आपण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण धाकटे दीर म्हणणार, "वहिनींना भ्रम झाला होता." याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही; कुणी दाखवलेच तर बनावट समजावे.

१. मूलबाळ नसल्याने राहते घर पुतणीला, म्हणजे दिरांच्या मुलीला. आधी कुलूप बदलावे. जुन्याच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत, कोण जाणे.

२. ह्यांची पान्यांची पेटी शेजारच्या पंपवाल्याला. त्यातला एक पाना त्याच्याकडेच आहे. "उद्या आणतो, काकू" म्हणाला, त्याला चार वर्षे झाली.

३. छत्री दिरांना. त्यांना या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे मी कायद्याच्या पुस्तकात वाचले. म्हणून छत्री.

४. आता मुख्य. ह्यांची कंपनी पंख्याच्या दोन विमानांतून टपाल नेत सुरू झाली. पुढे सरकारने घेतली, दुसरीत मिसळली, विकली, शेवटी बंद पडली. शेपटीचा रंग चारदा बदलला. हे म्हणत, "रंगरंगोटी जोरात, सुट्या भागांची बोंब." उभ्या विमानाचा भाग काढून उडत्याला लावत, त्याला हँगरमध्ये 'उसनवारी' म्हणत.

ह्यांनी ब्रेकची एक झडप खराब म्हणून काढली आणि लाल चिठ्ठी बांधून कोठारात दिली. कोठार दिरांकडे. चिठ्ठीची अर्धी बाजू, झडपेचा नंबर लिहिलेली, त्यांच्या सहीने ह्यांना परत मिळाली. आठवड्याने तीच झडप 'चांगली' अशी हिरवी चिठ्ठी लावून आली आणि ह्यांनीच बसवली. विमान धावपट्टीबाहेर गेले. वैमानिकाचा पाय गेला. ठपका ह्यांच्यावर.

मी विचारले, "नंबर का नाही पडताळलात?"

"धाकट्याचं अक्षर होतं गं."

चौकशीत ह्यांनी भावाचे नाव घेतले नाही. नोकरी गेली, तीन वर्षांनी हेही गेले. नंतर चष्म्याच्या डबीत मला ती अर्धी चिठ्ठी सापडली. दीर अजून दर महिन्याला येतात. "दादाचे कागद रद्दीत टाकू का?" "राहू द्या भावजी, मी वाचतेय अजून."

५. ती चिठ्ठी पुतणीला. चिठ्ठी वकिलांकडे आहे; घरात उचकापाचक करू नये. पुतणी आता दुसऱ्या विमान कंपनीत मेकॅनिक आहे. परवा तिने विचारले, "काकू, काका खरंच चुकले होते का?" बापाने पाठवली की आपणहून आली, मला कळले नाही. तरी तिलाच देते. तिने ही चिठ्ठी पुढे केली तर काकांवरचा ठपका बापाच्या माथी जाईल. काय करावे, ते मी सांगत नाही. पण झाकायचे ठरवलेस, बाळ, तर दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ नकोस. विमानात माणसे बसतात.

सही: मी स्वतः
स्थळ: पुढची खोली, दार आतून लावून
दिनांक: १७ मार्च
साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर २. समोरच्या शिंपीणबाई (दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही.)