हँडल तुझं, बटणं माझी

प्रिय अण्णा,

तू गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं, मन मोकळं कर, त्याला काहीतरी लिही. मी लिहिलं नाही. ज्या माणसाने माझ्या एकाही मेसेजला अंगठ्यापलीकडे उत्तर दिलं नाही, त्याला पत्र कशाला लिहायचं? पण आज लिहायला बसले आहे, कारण तुझ्या मुलीने मला पेचात टाकलंय आणि तो पेच तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून कळायचा नाही.

शाळेचं हे वर्ष संपलं की मिथू आणि शुभावहिनी पुण्याला जाणार. वहिनीला तिथे नोकरी मिळाली आहे, तिचे आईवडीलही तिथेच आहेत. योग्यच आहे ते, मी एका शब्दानेही अडवलं नाही. पण मिथू गेली की या मैसुरात तुझं म्हणावं असं माझ्याजवळ काय उरतं, तूच सांग!

तू गेल्यापासून ती दर रविवारी कुवेंपुनगरला माझ्या घरी येते. जेवते, सोफ्यावर पाय घेऊन बसते आणि फोनमध्ये बघत राहते. काही विचारलं की ‘हं’, नाहीतर ‘गोत्तिल्ला आत्या’. माहीत नाही, माहीत नाही, सगळ्यालाच माहीत नाही. चौदा वर्षांच्या मुलीकडून बाप गेल्यावर आणखी काय ऐकायचं? मी मग तिच्या ताटात आणखी एक पुरी वाढायची.

आणि एका रविवारी ती दप्तरातून एक छोटं यंत्र काढून माझ्या टीव्हीला जोडत बसली. जुने व्हिडिओ गेम पुन्हा नव्याने विकतात म्हणे. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून ते ढणढण संगीत ऐकू आलं आणि माझ्या हातातला झारा तसाच राहिला. अण्णा, आपली ती शाळांची मारामारी! त्याच शाळा, तीच भांडणं, तो दप्तर गरगर फिरवणारा पोरगा, ती झाडूवाली मॉनिटर, ते खडू फेकून मारणारे गणिताचे मास्तर. सगळे जसेच्या तसे, एकाचाही केस पिकला नाही!

‘आत्या, बाबा कसे खेळायचे ते दाखव ना,’ मिथू म्हणाली. ‘शिकवतो शिकवतो म्हणायचे आणि पेपर करेक्शन करत बसायचे. मला त्यांच्यासारखंच खेळायचंय. सेम टु सेम.’

कित्येक महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि मला ती देता येईना.

तुला कारण माहीत आहे. पण तरी लिहिते, कारण यावर माझा तुझ्यावर जुना राग आहे. त्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एक मशीन आणि मागे उभी पोरंच पोरं. रांग सरेना म्हणून मालकांनी रीत पाडली, एका कॉइनवर एका बाजूला दोघांनी उभं राहायचं. एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने बटणं मारायची. जगात कुठे असं खेळतात का? जॉयस्टिक एकाच्या हातात आणि बटणं दुसऱ्याच्या! पण आपल्याला तोच खेळ वाटायचा. नंतर बंगळूरला एका मुलाला दोन्ही हातांनी एकट्याने खेळताना पाहिलं, तेव्हा मला तो हावरट वाटला होता.

आईने तुला सांगितलेलं, ट्यूशनला जाताना पुट्टीला बरोबर ने आणि बरोबर आण. तू बरोबर नेलंस, फक्त मध्ये पार्लर लागायचं. आणि पहिल्याच दिवशी ठरवून टाकलंस, हँडल तुझं, बटणं माझी. मी किती वेळा म्हटलं, अण्णा एकदा मला धरू दे! ‘सुम्ने इरु, गप बस, पुढच्या वेळी,’ हे तुझं ठरलेलं उत्तर. ती पुढची वेळ कधी आलीच नाही. तुझ्या हातात हँडल आणि माझी नजर पडद्यावर. तुझा हात कसा फिरायचा ते मी कधी पाहिलंच नाही. मग मिथूला काय डोंबल दाखवू?

मी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘मिथू, मला अर्धाच खेळ येतो. बाबांचा अर्धा बाबांकडेच राहिला.’ तिने ‘हं’ म्हटलं आणि टीव्ही बंद केला. त्या ‘हं’ने माझा आठवडा खाल्ला.

आता पुढचं ऐक, तू असतास तर मांडीवर थाप मारून हसला असतास. मिथूची दाढ दुखायला लागली. वहिनी पुण्याला घर बघायला गेलेली, म्हणून मी तिला आमच्या रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी स्वतः तिथे कधी गेले नव्हते. पोरगी खुर्चीत आ वासून पडलेली, डॉक्टर दिवा खाली ओढून तिच्या तोंडात बघण्याऐवजी तिच्या तोंडाकडेच, म्हणजे तुझ्याच चेहऱ्याकडे, बघत राहिले. ‘निम्म तंदे हेसरेनम्मा?’ म्हणाले. वडिलांचं नाव काय ते पोरगी कशी सांगणार, तोंडात आरसा! मी तुझं नाव सांगितलं. एच. डी. कोटेच्या शाळेत सायन्स शिकवायचे, असंही सांगितलं.

डॉक्टरांनी मास्क खाली केला आणि माझ्याकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही बटणं!’

अण्णा, प्रसन्न! पलीकडच्या इंग्लिश शाळेतला, टाय लावून येणारा, आपल्या समोरच्या बाजूचं हँडल धरणारा प्रसन्न! ज्याच्याशी हरलो की तू घरापर्यंत एक शब्द बोलायचा नाहीस, तोच.

आणि तो मराठी! घरात आपल्यासारखंच मराठी बोलणारा, फक्त त्याच्या घरी सगळे वकील आणि प्रोफेसर, आणि आपले आजोबा कापड रंगवणारे, एवढाच फरक. पार्लरमध्ये तो सदा कानडी नाहीतर इंग्रजी झाडायचा, मग आपल्याला कसं कळणार? आणि आपण काय करायचो ते आठवतं ना? त्याला कळू नये म्हणून सगळे डाव मराठीत ठरवायचो! एरवी आपल्या मराठीत निम्मं कानडी, पण त्या मशीनसमोर आपण असे शुद्ध मराठी व्हायचो की आजोबांनी पाठ थोपटली असती. ‘तो उडी मारेल, खालून हाण.’ ‘थांब, दोघांना एकदम बोलवू.’ आणि समोर तो गालातल्या गालात हसत उभा! वर्षानुवर्षं आपण शत्रूला त्याच्या मातृभाषेत बातम्या पुरवल्या, अण्णा.

‘अय्यो, पण तुम्ही सांगितलं का नाही कधी?’ मी म्हटलं.

‘सांगितलं असतं तर हरलो नसतो का?’ डॉक्टर म्हणाले आणि मिथू तोंडात कापूस असताना हसली. खरंच हसली. मी तिचं हसणं विसरत चालले होते.

तेवढ्यात मला सुचलं. मी तुझा हात पाहिला नाही, पण याने पाहिला असेल! तुला हरवायचं म्हणून तो तुझ्या मनगटावर डोळा ठेवूनच खेळायचा. विचारलं, तर म्हणाले, ‘पाहिला म्हणजे? पाठ आहे मला. बोटांच्या चिमटीत धरायचे, मुठीत नाही. आणि मोठा वार करायच्या आधी श्वास आत घ्यायचे. मी तो श्वास ऐकला की ब्लॉक धरायचो.’

मी तुझी सख्खी बहीण, तुझ्या दंडाला दंड लावून उभी असायचे. मला तो श्वास माहीत नव्हता. घरी आल्यावर मी त्या श्वासासाठी रडले, हे तुला सांगायला लाज कसली?

त्या दिवसापासून डॉक्टर दर रविवारी सकाळी येतात. त्यांनी घरून एक लाकडी पेटी आणली, वर हँडल आणि बटणं बसवलेली, अगदी मशीनसारखी. त्यांचा बटणवाला मित्र परदेशी गेला तेव्हा हौसेने करून घेतली आणि एकट्याने खेळायला जमेना म्हणून माळ्यावर टाकली. माणूस बडबड्या आहे, आपण जिंकलेल्या मॅचेस त्याला एकही आठवत नाही, स्वतःच्या मात्र सगळ्या आठवतात. पण शिकवतो मनापासून. ‘नाही मिथू, बाबा इथे घाई करायचे नाहीत. समोरच्याला दोन पावलं येऊ द्यायचे. हां, असं!’ आणि मिथूची बोटं त्या हँडलवर अशी वळतात की मला दोनदा खिडकीबाहेर बघावं लागलं.

मधूनच ती विचारते, ‘बाबा हरल्यावर चिडायचे का?’ ‘बाबांना शाळेत पनिशमेंट झालेली का?’ आणि मग आम्ही दोघं एकमेकांना अडवत सांगत बसतो. डॉक्टर तुझी शाळेबाहेरची सोंगं सांगतात, मी घरातली. गेल्या महिनाभरात तुझी मुलगी तुझ्याबद्दल जितकं बोलली, तितकं तू गेल्यापासून बोलली नव्हती. हे तुला कळवायचं होतं.

एक गोष्ट मात्र मी तुला विचारणार आहे. माझी दहावी होती तेव्हा आईने माझं पार्लर बंद केलं. तू जात होतास. मला वाटायचं, आता अण्णाला चांगला कोणीतरी बटणवाला मिळाला असेल, तो माझी आठवणही काढत नसेल. अभ्यास करता करता मी त्या न पाहिलेल्या पोराच्या नावाने बोटं मोडायची. गेल्या रविवारी सहज विषय निघाला तर डॉक्टर म्हणाले, ‘छे हो! तुम्ही येत नव्हता तेव्हा ते खेळलेच नाहीत. यायचे, भिंतीला टेकून आमचा खेळ बघायचे आणि जायचे. मी म्हटलं माझा बटणवाला घे. तर म्हणाले, नको, तिची परीक्षा होऊ दे.’

अण्णा, मला का नाही सांगितलंस रे? मी इतकी वर्षं समजत होते की खेळ तुझा आणि मी नुसती जोडीला. हँडल देत नाही म्हणून रुसले, फुगले, तुझ्या लग्नातही वहिनीकडे तुझी चुगली केली. तुला बटणं येतच नव्हती! तुलाही अर्धाच खेळ येत होता आणि तू त्या अर्ध्यावर दुसऱ्या कोणाला उभं करायला तयार नव्हतास. छातीत दुखतंय हे सांगितलं नाहीस, ॲसिडिटी आहे म्हणालास, आणि हेही सांगितलं नाहीस. मास्तर लोक वर्गात इतकं बोलतात, घरी काय जिभेला कुलूप लावतात?

आता माझा पेच. आज सकाळी मिथू हँडलवर होती आणि मी बटणांवर. माझी बोटं आता दुखतात, पण जागा विसरली नाहीत. ताकदीची पट्टी भरली, दप्तरवाला पुढे सरकला, मिथूने श्वास आत घेतला आणि माझा अंगठा आपोआप पडला. त्याची जोडीदार झाडूवाली धावत आली आणि जोडीचा वार असा बसला की समोरून यंत्राच्या रिमोटवर कसेबसे एकटे खेळणारे डॉक्टर स्वतः हरत असूनही टाळ्या वाजवायला लागले. मी ओरडले. शेजारच्या बाई दारात आल्या, त्यांना वाटलं काही झालं की काय!

आणि त्या गोंधळात मिथू पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, ‘आत्या, पुण्यात बटणं कोण मारणार?’

मी म्हटलं, ‘मी येईन की.’

‘एव्हरी टाइम?’

मी कॉफी करायला आत गेले. खरं सांगू? दूध तापेपर्यंत मी मनातून खूश होते. बरं झालं, म्हटलं. बटणं माझ्याकडेच राहू देत. मग ती सुटी लागली की धावत येईल, फोन करेल, माझ्यावाचून तिचं अडेल. तुझी मुलगी माझी राहील. आत्या म्हणून एवढा स्वार्थ चालतो, नाही का?

मग तू भिंतीला टेकून उभा दिसलास. दप्तर खांद्याला, खेळायची इच्छा डोळ्यांत आणि हात रिकामे. माझ्यासाठी केलंस म्हणून मला ते किती गोड वाटलं होतं! पण आज तिथे मिथूला उभं करून पाहिलं आणि मला ते मुळीच गोड वाटलं नाही. अनोळखी गाव, सगळे तिच्या मराठीला हसणार, आणि ही बाजूला उभी राहून आत्या कधी येईल याची वाट बघतेय. नको रे बाबा.

म्हणून कॉफीचा पेला तिच्या हातात दिला आणि म्हटलं, ‘सरक. आता उजवा हात इथे ठेव.’ तिचा उजवा हात अगदी अडाणी आहे, अण्णा, कुठलंही बटण दाबते. डॉक्टर म्हणाले, ‘वेळ लागेल.’ लागू दे.

तुला वचन देते, ती गाडीत बसेल तेव्हा तिच्या डाव्या हातात तुझं सगळं असेल आणि उजव्या हातात माझं. एकही युक्ती मी मागे ठेवणार नाही. तुझी मुलगी कोणासाठी अडून उभी राहणार नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही. आणि त्यानंतरही ती आलीच, तर तिला माझी गरज आहे म्हणून नाही, मी आवडते म्हणून आली, असं मी समजेन.

तुझी,
पुट्टी